गावाचा नकाशा बदलला तर जात जाईल का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीच्या मुलांना आपल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला होता. गावातल्या मुलांनी देऊळ, पार, शाळा, विहीर, नदी सगळं काढलं, पण समतानगर ही आमच्या गावातली दलित वस्ती एकाच्याही कागदावर नव्हती. समतानगरातल्या मुलांनी मात्र पूर्ण गाव काढलं आणि आपली घरं अगदी कडेला, कागद संपतो तिथे दाखवली. तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. कोऱ्या कागदावर गाव नव्याने आखलं, सगळ्या जातींची घरं शेजारीशेजारी बांधली, तर जात जाईल का? असं कुठे कुणी करून पाहिलं आहे का?
– एक शिक्षिका, औंढा नागनाथ तालुका, जि. हिंगोली

उत्तर : करून पाहिलं आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. आपल्या मराठवाड्यातही अख्खी गावं कोऱ्या कागदावर आखली गेली आहेत. त्या सगळ्या प्रयत्नांकडे पाहून माझं मत असं झालं आहे की, नुसती घरं शेजारी आणल्याने फार थोडं बदलतं. जिच्यावाचून गावाचं अडतं अशी एखादी गोष्ट गावाने बाहेर टाकलेल्या माणसांच्या दारात उभी राहते, तेव्हा खरा बदल सुरू होतो. असं का म्हणतो ते सांगतो.

आधी एक गोष्ट नीट पाहू. आपलं जुनं गाव आपोआप वाढत गेलं, ते कुणी आखलेलं नाही, असं आपण धरून चालतो. तसं नाही. पुष्कळ मराठी गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेला असे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे गावावरून गेलेला वारा वस्तीकडे जायचा, वस्तीवरचा गावात यायचा नाही. पाणवठ्याचंही तेच. वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला वस्ती. हा पक्का विचार करून केलेला आराखडा आहे, फक्त तो कुणी कागदावर काढला नाही. तुमच्या विद्यार्थ्यांनी तो काढून दाखवला.

या आराखड्यातली सगळ्यांत महत्त्वाची रेघ म्हणजे गावकूस, गावाभोवतीची भिंत. ते बांधायचं, पडलं की दुरुस्त करायचं, हे काम महारांकडे असायचं. राहायचं मात्र त्याच्या बाहेर. मंगळवेढ्याला असंच कूस बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली संत चोखोबा गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. त्यांच्या अस्थी घेऊन पंढरपूरला कोण आलं? तुमच्याच जिल्ह्यातले, नरसीचे नामदेव. त्यांनी चोखोबांची समाधी गावाबाहेर केली नाही, विठ्ठलाच्या महाद्वारासमोर केली. जिवंतपणी ज्याला देवळात पाऊल टाकता आलं नाही, त्याच्यासमोरून गेल्याशिवाय आता कुणालाही महाद्वारातून देवळात शिरता येत नाही. जागेची निवड करून समाजाला काही सांगता येतं, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं बांधकाम मला महाराष्ट्रात आठवत नाही.

कोऱ्या कागदावर गावं आखण्याची सर्वांत मोठी योजना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होती, आणि तिच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्यावर केलेली कठोर टीका अनेकांना ठाऊक असते. पण ती टीका करण्याच्या आधीच त्यांनी पर्याय मांडला होता. जुलै १९४२मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावं वसवण्याची मागणी झाली. मग मार्च १९४७मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या मसुद्यात त्यांनी तिला कायद्याचं रूप दिलं: वसाहतींसाठी एक आयोग, सरकारी पडीक जमिनीवर नवी गावं, आणि त्याच्या जोडीला सगळी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातीपातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला देणं. बाबासाहेब फक्त घराबद्दल बोलत नव्हते. माणूस ज्याच्या शेतावर राबतो त्याच्याच गावात राहत असेल तर त्याचं घर कुठेही बांधा, तो बांधलेलाच राहणार, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे घर आणि जमीन ते एका दमात मागत होते. ती योजना अमलात आली नाही. पुढे १९७८च्या मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, त्यात तेव्हाचा परभणी जिल्हाही होता, आणि हिंगोली त्यावेळी परभणीतच होती. वस्ती वेगळी असली की जाळणाऱ्याला घर शोधत फिरावं लागत नाही.

जगभर अशा स्वप्नांची रांग आहे. रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कमध्ये कामगारांना चांगली घरं आणि मुलांना शाळा दिली. ते जमलं, म्हणून १८२५मध्ये अमेरिकेत न्यू हार्मनी नावाचं समतेचं गाव वसवलं. ते दोनतीन वर्षांतच मोडलं. फ्रान्समध्ये गीझ या गावी गोदँ या शेगड्यांच्या कारखानदाराने १८५९पासून कामगारांसाठी मोठ्या इमारती बांधल्या. मध्ये काचेच्या छताचा चौक आणि चहूबाजूंनी घरं. पुढे कारखानाही कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेला आणि ती व्यवस्था १९६८पर्यंत टिकली. एक मोडलं आणि दुसरं शंभर वर्षं चाललं, यामागे माझ्या मते साधं कारण आहे. गीझमध्ये पोट भरण्याचं साधन गावाच्या आत होतं आणि त्याची मालकी हळूहळू राहणाऱ्यांकडे आली.

तुम्ही विचारलेला प्रयोग, म्हणजे सगळ्या जातींची घरं शेजारीशेजारी, तो जसाच्या तसा तामिळनाडूने केला. १९९७मध्ये सरकारने ‘पेरियार निनैवु समत्तुवपुरम’ ही योजना आणली. एका वसाहतीत शंभर घरं: चाळीस दलितांना, पंचवीस मागासवर्गीयांना, पंचवीस अतिमागासांना, दहा इतरांना. स्मशानभूमी एकच, समाजमंदिरही एकच. अशा दोनशेहून जास्त वसाहती झाल्या. सरकारं बदलली तशी योजना थांबली, पुन्हा सुरू झाली. मला तिच्याबद्दल आदर आहे, विशेषतः एकाच स्मशानभूमीबद्दल; आपल्याकडे मेल्यावरही वेगळ्या वाटेने जावं लागतं हे तुम्ही तालुक्यात पाहिलं असेलच. पण तिची मर्यादाही उघड आहे. या वसाहती जुन्या गावांच्या बाहेर नव्या जागेवर झाल्या. ज्या शंभर कुटुंबांना घरं हवी होती ती तिथे आली. मूळ गाव होतं तसंच राहिलं, त्याच्या वाड्यांसह आणि वस्तीसह.

आता आपल्या मराठवाड्याकडे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. पांढऱ्या मातीच्या आणि दगडाच्या जाड भिंतींची घरं झोपेतल्या माणसांवर बसली. त्यानंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी उभी करण्यात आली. इतकी गावं एकाच वेळी मोकळ्या रानात आखण्याची संधी महाराष्ट्राला क्वचितच मिळाली असेल.

हिंगोलीकरांनी या गावांकडे लक्ष द्यावं असं मला फार वाटतं. वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांत गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतात, धक्के बसतात. पांगरा शिंदेचं नाव त्यामुळेच सगळीकडे गेलं. २१ मार्च २०२४चा धक्का ४.५ रिश्टरचा होता. घरं कशी बांधायची हा प्रश्न तुमच्याकडे पुस्तकी राहिलेला नाही.

तर किल्लारीनंतरच्या आराखड्यांत काय झालं? रस्ते सरळ, रुंद, काटकोनात छेदणारे. गावकूस नाही. गढी नाही. बोळ नाहीत. जुन्या गावाच्या कितीतरी पट पसरलेलं नवं गावठाण. कागदावर पाहिलं तर जातीची एकही रेघ दिसत नाही. पण घराचं माप कसं ठरलं ते पाहा. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना अडीचशे चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना चारशे, सात हेक्टरच्या वर असेल तर साडेसातशे. जमिनीचं जुनं वाटप नव्या घराच्या भिंतींत उतरलं. आणि जमीन कुणाकडे होती, कुणाकडे नव्हती, हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. जागा वाटताना अनेक कुटुंबांनी भावकीजवळचीच जागा मागितली. दुःखात माणूस आपल्या माणसांजवळ जातो, त्याला मी दोष देणार नाही. पण त्यामुळे जुन्या आळ्या, जुने वाडे नव्या चौकटीत पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसले.

तरी या गावांनी एक गोष्ट नक्की केली. पक्कं घर आणि रुंद रस्ता हा गावातल्या शेवटच्या माणसाचाही हक्क झाला. अडीचशे चौरस फुटांचं का होईना, घर नावावर झालं. ज्याचे आजोबा गावकुसाबाहेरच्या झोपडीत वाढले, त्याला ही गोष्ट लहान वाटणार नाही. तिला लहान म्हणण्याचा हक्क आपल्यालाही नाही.

महाराष्ट्रात याहून जुनं, मालकाने आखलेलं गाव म्हणजे किर्लोस्करवाडी. बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानाच्या राजांनी कुंडलजवळ बत्तीस एकर माळ दिला. ही १९१०ची गोष्ट, आणि हे औंध साताऱ्याकडचं. तुमच्या औंढ्याशी त्याची गल्लत होते. निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर नांगरांचा कारखाना, घरं, शाळा उभी राहिली. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम केला आणि तो चालवला. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी राखणीवर ठेवलं. याच संस्थानाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करतात आणि वसाहतीला भिंत नाही. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७चा चित्रपट त्यावरूनच निघाला. किर्लोस्करवाडीत जात मागे हटली ती नियमाने आणि पगाराने. यंत्रावर शेजारी उभं राहून काम करणाऱ्यांना सोवळं परवडत नाही. पण सगळा डोलारा एका माणसाच्या इच्छेवर उभा होता, आणि तुमच्या गावाला लक्ष्मणराव मिळतीलच असं नाही.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उत्तर वरोऱ्याला आहे. १९४९मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१मध्ये आनंदवन सुरू झालं. मूठभर कुष्ठरोगी, दगडाळ पडीक जमीन आणि पाण्यासाठी स्वतःच्या हातांनी खोदलेली विहीर. गावकुसाबाहेर कुणाला टाकलं गेलं असेल तर ते या माणसांना, आणि तेही घरच्यांनीच. सुरुवातीला आनंदवनातली भाजी आणि दूध घ्यायला वरोऱ्याचे लोक तयार नव्हते. ती वस्ती तशीच ठेवून तिथे फक्त चांगली घरं बांधली असती, तर आज ती एक स्वच्छ, नीटनेटकी, वेगळी पडलेली वस्ती असती. बाबांनी दुसरी गोष्ट केली. परिसरात महाविद्यालय नव्हतं. १९६४मध्ये त्यांनी आनंद निकेतन महाविद्यालय काढलं आणि ते आनंदवनातच काढलं. आता वरोऱ्यातल्या मुलाला शिकायचं तर कुष्ठरोग्यांच्या गावात यावं लागणार होतं. ज्यांच्या हातची भाजी चालत नव्हती, त्यांच्या अंगणात लोकांनी स्वतःची मुलं पाठवली. दिशा उलटी झाली. बाहेरच्यांनी आत येण्यासाठी विनवणी करायची, हे संपलं. आतल्यांनाच बाहेरच्यांच्या दारी यावं लागलं.

हे आठवलं की मला तुमच्या औंढ्याच्या देवळाची कथा नव्याने कळते. नामदेव कीर्तन करत होते, त्यांना तिथून उठवून देवळामागे पाठवलं, आणि ते गात राहिले तेव्हा देऊळच फिरलं. नागनाथाचा नंदी देवळाच्या पाठीमागे आहे तो का, याचं हे लोकांनी दिलेलं उत्तर. इतिहासाच्या दृष्टीने ते तपासत बसण्यात मला रस नाही. मराठवाड्याच्या लोकांनी शतकानुशतकं ही कथा सांगितली, म्हणजे न्याय कसा दिसतो हे त्यांना माहीत होतं. नामदेवांना पुन्हा पुढे बोलावून जागा दिली, अशी ही कथा नाही. ते जिथे होते तिथेच राहिले आणि देवाने तोंड वळवलं.

बाबासाहेबांनीही शेवटी मराठवाड्यात हेच केलं. स्वतंत्र गावांची योजना कागदावर राहिली, पण पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय १९५०मध्ये औरंगाबादेत सुरू झालं आणि १ सप्टेंबर १९५१ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची पायाभरणी झाली. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून, आणि तो परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या, महाविद्यालयं बोटावर मोजण्याइतकी असलेल्या मराठवाड्यात हे दलितांच्या नेत्याने बांधलेलं विद्येचं घर सर्व जातींना खुलं होतं. इमारतींच्या बांधकामात ते स्वतः लक्ष घालत. जोतिराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ते दार आतून उघडणं होतं. नागसेनवन त्याच्या पुढचं पाऊल आहे. इथे दार उघडणाराच बदलला.

आता तुमच्या समतानगराविषयी. वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२०मध्ये घेतला. तो चांगलाच झाला. मुलाला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये. पण पाटी बदलली तरी जागा तीच आहे. घरकुलांचंही तसंच होतं. रमाई असो की पंतप्रधान आवास, २६९ चौरस फुटांचं घर बहुतेक वेळा जुन्या झोपडीच्याच जागेवर उभं राहतं. मातीची वस्ती सिमेंटची होते आणि जुना नकाशा अधिक पक्का होतो. याचा अर्थ घरकुल नाकारावं असा मुळीच नाही. घर आधी, बाकी सगळं नंतर.

आणि वेगळी प्रत्येक वस्ती म्हणजे अन्यायच असंही समजू नका. तुमच्या जिल्ह्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तांड्याला आपला नायक असतो, आपली भाषा, आपला मान असतो. तो मोडून गावात मिसळा असं सांगणारा माणूस त्यांचं भलं करत नाही. बाबासाहेब वेगळं गाव मागत होते तेही याच अभिमानाने. वेगळं राहायचं की एकत्र, हे ज्यांना वेगळं टाकलं त्यांनी ठरवायचं आहे.

तुमच्या हातात काय आहे, तर ग्रामपंचायत विकास आराखडा. तो दरवर्षी होतो आणि ग्रामसभेत मांडला जातो. पुढची अंगणवाडी कुठे, पाण्याची टाकी कुठे, वाचनालय कुठे, हे तिथे ठरतं. यातली एक तरी गोष्ट, सगळ्या गावाला लागणारी, समतानगरात व्हावी असा आग्रह धरा. ‘त्यांच्यासाठी त्यांच्याकडे वेगळी अंगणवाडी’ असा प्रस्ताव आला तर तो नाकारा. गावाची एकमेव अंगणवाडी तिथे होत असेल तर पाठिंबा द्या. तुमच्या शाळेला नवी इमारत मिळणार असेल तर जागेची चर्चा सुरू होण्याआधीच बोला, नंतर उशीर होतो. एक काळजी मात्र घ्या: सार्वजनिक इमारतीच्या नावाखाली वस्तीतल्याच कुणाची जागा जाता कामा नये. आधीच अपुरी जागा असते. शिवाय हा आग्रह वस्तीतल्या बायकांनी ग्रामसभेत स्वतः मांडला तर त्याला जास्त वजन येईल. तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहा.

दुसरं काम तातडीचं आहे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाचं भूमापन होऊन घरमालकांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. हा खराखुरा नकाशा आहे, सरकारदरबारी टिकणारा. जी घरं गावठाणाच्या हद्दीबाहेर, गायरानावर आहेत, ती त्यातून सुटण्याची भीती असते. समतानगर हद्दीच्या आत धरलं आहे का, किती घरांना पत्रिका मिळाली, हे ग्रामपंचायतीकडे लेखी विचारा. सुटली असतील तर गावठाण विस्ताराचा ठराव येत्या ग्रामसभेतच मांडायला लावा, आणि ठरावाची प्रत वस्तीत एकाच्या नव्हे, चारपाच घरांत ठेवायला सांगा.